दिसत नाही, पण जातंय

रंगपंचमीला आला होता कौस्तुभ.
कानामागचा गुलाल अजून धुतलाही नव्हता
आणि एका संध्याकाळीत त्यानं
माझ्या कॉम्प्युटरचं आतलं सगळं बदलून टाकलं.
"मावशी, आता लिनक्स. फुकट आहे, व्हायरस नाही,
तुझं हे जुनं खोकं अजून पाच वर्षं ओढेल."

खोकं ओढेल हो.

तो सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला,
मी राहिले, रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
एका पेंग्विनसोबत.

सुरुवातीला पाहुण्यांसारखे वागलो आम्ही.
मग दिघ्यांचा पेन ड्राइव्ह आला.
मुलीची लग्नपत्रिका, कृतिदेवमधली,
मागच्या खेपेला मीच टाइप केलेली थोरलीची,
फक्त नावं आणि मुहूर्त बदलायचा.
उघडली,
तर श्रीगणेशाच्या जागी जे, एच, एक्स आणि एक टिंब.
'विवाह' कुठेच नाही.
तिथं एफ, दोन ओ, के आणि जी
ओळीत उभे, परक्या वऱ्हाडासारखे.

खाली लकी मोबाइलवाल्याला बोलावलं.
त्यानं माऊस दोनदा हलवला, मान तीनदा.
"आंटीजी, इसमें तो अपन भी फेल हैं.
विंडोज डलवा लो, तीन सौ में."
चहा पिऊन गेला.

मग मी स्वतःच फॉन्टची फाइल शोधली,
जुन्या सीडीवरून,
आणि जिथं ठेवायला सांगितली होती तिथं ठेवायला गेले.
परवानगी नाही म्हणाला.
घरपट्टी माझ्या नावावर,
विजेचं बिल माझ्या नावावर,
खुर्चीची गादीसुद्धा मीच शिवलेली,
आणि हा मला विचारतो, तू कोण?

रात्री साडेनऊला फोन.
कौस्तुभ एकेक अक्षर सांगतो, मी एकेक दाबते.
एस. यू. डी. ओ.
"आता जागा सोड."
सोडली.
"नाही गं, खुर्चीतून उठू नकोस, स्पेस दे."

मग पासवर्ड विचारला त्या काळ्या खिडकीनं.
मी टाकते आहे आणि काही उमटत नाही.
अक्षर नाही, टिंब नाही,
साध्या फुल्यासुद्धा नाहीत.
कीबोर्ड गेला रे, म्हटलं.
"नाही मावशी. दिसत नाही, पण जातंय.
न बघता टाक."

न बघता.

अरे, जिल्हा कोर्टासमोर, जिन्याखालच्या त्या खोलीत
अकरा रेमिंग्टन होत्या माझ्या.
मुलींच्या हातांवर मी पुठ्ठ्याचं झाकण ठेवायची,
खाली बघितलं की पट्टी टेबलावर.
ए एस डी एफ जी एफ,
ए एस डी एफ जी एफ,
दुपारभर, पंख्याच्या आवाजावर.
कुणी स्टेनो झाली, कुणी बँकेत लागली,
एक रडायची रोज, करंगळी पोचत नाही म्हणून,
तिचीच बोटं शेवटी सगळ्यांत पुढे गेली.
बघू नका, सांगायची मी. बोटांना माहीत असतं.

फोनमध्ये तो म्हणतोय, हळू, एकेक, चुकलं तर पुन्हा.
मी पाठ ताठ केली,
तर्जन्या एफ आणि जे वर ठेवल्या,
आणि एका दमात टाकला.
एंटर.

बरंच काही सरसर वर गेलं, इंग्रजीत.
मी वाचलं नाही.

आता विवाह आहे पडद्यावर.
श्रीगणेशही आलेत.
फक्त शर्वरीचा रफार
व सोडून पुढच्या र वर जाऊन बसलाय,
नवरी सासरी जायच्या आधीच जागा बदलून.
तो मी हातानं आणीन मागे.

प्रिंटर बोलत नाही अजून.
दिवा लागतो, कागद ओढल्यासारखं करतो, गप्प.
दिघे अकराला येणार आहेत.